मशीन वाचत नाही त्या ओळी

आमच्या ऑफिसच्या जिन्यात एक तांबडं कुत्रं पडलेलं असायचं. येणारा-जाणारा त्याला पायाने सारून वर चढायचा. काका मात्र दोन पायऱ्या खाली थांबायचे आणि म्हणायचे, "अहो, जरा सरकता का?" कुत्रं सरकायचं. मी नवीन होतो, मला वाटलं माणूस विनोदी आहे. पंधरा दिवसांनी कळलं, विनोद वगैरे काही नाही. हा माणूस सगळ्या जगाला अहो म्हणतो. चहावाल्याला, लहान पोरांना, कुत्र्याला आणि सगळ्यात जास्त प्रेमाने आमच्या ऑफिसातल्या जुन्या सर्व्हरला.

काकांचं नाव मी इथे लिहीत नाही. आठवत नाही असं नाही, आडनावासकट आठवतं. पण नाव लिहायची वेळ होती तेव्हा मी लिहिलं नाही. आता लिहून काय उपयोग.

ऑफिस जुन्या पनवेलात, दुसऱ्या मजल्यावर. बंदरातून येणाऱ्या-जाणाऱ्या कंटेनरांची कागदपत्रं करून द्यायची, हा धंदा. खाली बॅटरीचं दुकान, वर आम्ही वीसेक माणसं, आणि एका कोपऱ्यात काचेची खोली. त्या खोलीत एसी होता. शेठच्या केबिनमधला सोडला तर ऑफिसातला तेवढाच. तो माणसांसाठी नव्हता, सर्व्हरसाठी होता. पिवळट पडलेलं उभं खोकं, काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. माउस नाही, चित्रं नाहीत. ऑफिसातल्या सगळ्या टेबलांवरचे कागद शेवटी त्या एका खोक्यात जाऊन बसायचे. ते बंद पडलं की वीस माणसं हातावर हात ठेवून चहा प्यायची.

त्या खोलीत काका बसायचे, स्वेटर घालून. पनवेलच्या मे महिन्यात. बरं, खोलीत आल्यावर घालावा ना? नाही. खांदा कॉलनीतल्या घरून निघतानाच अंगात. बिनबाह्यांचा, करड्या रंगाचा, पुढे दोन बटणं. रिक्षा स्टँडवरची पोरं ओरडायची, "काका, महाबळेश्वर का?" काका हात जोडून म्हणायचे, "नाही हो, पनवेलच."

सकाळी आले की आधी खोक्याच्या डोक्यावर हात ठेवायचे. "अहो, आलो." ताप बघतात तसा दोन क्षण हात तिथेच. संध्याकाळी पुन्हा हात. "अहो, निघतो मी." बोलताना सर्व्हरला 'हे' म्हणायचे. "आज ह्यांना बरं नाही." "हे जरा सावकाश उठतात." एवढं मिळाल्यावर ऑफिसातली माणसं सोडतात काय. डिस्पॅचच्या टेबलावरून आवाज यायचा, "काका, तुमचे हे उठले का?" "काका, ह्यांच्यासाठी वटसावित्रीचा उपास धरा." काका हसायचे. लग्न केलेलं नव्हतं, की बायको नव्हती, की सोडून गेली होती, कुणालाच धड माहीत नव्हतं. विचारलंही कुणी नसेल. मी तरी नाही विचारलं.

मी बीएस्सी. विषय कॉम्प्युटर. हे मी अभिमानाने सांगतो आणि अजून सांगतो, कारण माझ्या घरात माझ्याआधी दहावीच्या पलीकडे कुणी गेलं नव्हतं. आमचं घर उरणच्या कोळीवाड्यातलं. बाप होडीवर, आई बाजारात म्हावरं विकायला. माझं डिग्रीचं सर्टिफिकेट बापाने होडीच्या फोटोच्या शेजारी लावलं, आणि होडीचा फोटो थोडा खाली घेतला. असं ते सर्टिफिकेट. पहिल्या दिवशी काचेच्या खोलीत गेलो आणि काकांना म्हणालो, "नमस्कार, मी बीएस्सी आहे." मग खुर्चीवर बसताना परत म्हणालो, "बीएस्सी कॉम्प्युटर." काकांनी मान हलवली. त्या दिवसापासून मला हाक, "अहो बीएस्सी."

काकांकडे डिग्री नव्हती. ज्या लोकांनी हा सर्व्हर विकला होता, त्यांच्याकडून ते बसवायला आले होते. ते लोक पुढे दुकान बंद करून गेले. खोकं राहिलं, आणि खोक्याबरोबर काका राहिले. रोज येत गेले. शेठ महिन्याला एका व्हाउचरवर त्यांची सही घ्यायचे. हजेरीच्या रजिस्टरात त्यांचं नाव नव्हतं. हे मला फार उशिरा समजलं, कारण सगळ्यांच्या आधी येणारा आणि सगळ्यांच्या शेवटी जाणारा माणूस हजेरीत नसेल असं कुणाच्या मनात येईल?

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या बाजूला एक खोडरबर असायचा. साधा, शाळेतला, अर्धा कापलेला. मेमरीच्या पट्ट्या असतात ना, हिरव्या, खालच्या कडेला सोनेरी दात असलेल्या? कॉम्प्युटर सुरू झाला नाही की काका ती पट्टी काढायचे, सोनेरी दात खोडरबराने घासायचे, फुंकर मारायचे आणि परत बसवायचे. दहापैकी सात वेळा चालू व्हायचा. म्हणायचे, "आधी पुसा, मग शंका घ्या." घराची किल्ली घासायचे, टीव्हीच्या रिमोटची बॅटरी घासायचे. एकदा शेठचा चष्मा घासायला निघाले होते, मी हात धरला.

आणि एक सवय होती, जिच्यामुळे ऑफिसात त्यांच्याबद्दल बरं बोललं जात नसे. सर्व्हर सुरू होताना एक फाइल वाचतो. त्यात ओळीखाली ओळ हुकूम लिहिलेले असतात: आधी हे कर, मग ते कर. ती फाइल काका कुणाला उघडू द्यायचे नाहीत. स्वतः उघडली आणि आपण मागे उभे असलो, तर पडद्यावर हात धरायचे. जेवणाच्या डब्यावर धरतात तसा. रोज संध्याकाळी निघायच्या आधी ती उघडायची, दोन मिनिटं काहीतरी टाइप करायचं, बंद करायची. डिस्पॅचवाले म्हणायचे, "म्हातारा चावी आपल्याकडे ठेवून बसलाय. त्याला काढलं तर सर्व्हर बंद पडेल, असं काहीतरी करून ठेवलंय त्यात." मलाही तसंच वाटायचं. खरं सांगायचं तर मला त्याचा राग यायचा. मी बीएस्सी, आणि एक फाइल मला बघू देत नाही.

दुपारी जेवायला आम्ही दोघं त्याच खोलीत. काकांचा डबा एकच, वर्षाचे बारा महिने: तूप-गूळ लावून गुंडाळलेल्या तीन पोळ्या. स्वतःच्या हाताने केलेल्या, म्हणून एकही गोल नाही. माझ्या डब्यात आईने दिलेलं. पहिल्यांदा सुका जवळा उघडला तेव्हा बंद खोलीत जो वास सुटला, मीच ओशाळलो. काकांच्या घरी हे चालत नसणार, बोलण्यावरून कळत होतं. त्यांनी काय केलं? शांतपणे चष्मा वर केला आणि विचारलं, "ह्यांना काय म्हणतात?"

"जवळा."

"आणि काल होते ते?"

"बोंबील."

"अस्सं." एवढंच. पुढे रोज विचारायचे. मांदेली, मुडदुशी, निवट्या. नावं घेताना शाळेतल्या पोरासारखी ओठातल्या ओठात घोळवायचे. कधी एक घास घेतला नाही, कधी नाकाला रुमाल लावला नाही.

ऑफिस झाडायला आणि चहा द्यायला ओवे गावाहून एक मावशी यायची. काका तिला म्हणायचे, "अहो मावशी, चहा घेता का तुम्ही पण?" ती कमरेवर हात ठेवायची. "काका, मना अहो नका बोलू हो. माजा नवरा पन कदी नाय बोलला. मना वाटतं मागं कोन दुसरीच उबी हाय."

"तुम्हालाच म्हणतो, मावशी."

"मंग दोन बिस्कुटा जास्ती घ्या," असं म्हणून ती जायची. दिवसातून काकांशी ती बोलायची, मी बोलायचो. तिसरं कुणी बोलल्याचं मला आठवत नाही. थट्टा सोडून. थट्टा म्हणजे बोलणं नव्हे.

आता तो शनिवार सांगतो.

मला लागून आठ महिने झाले होते. कायम करायचं पत्र निघायचं होतं. त्याच सुमाराला सर्व्हरची जागा संपत आली आणि शेठने एक मोठी डिस्क आणून दिली. काका म्हणाले, "अहो बीएस्सी, घाई करू नका. डिस्क मोठी केली की तिची यादीही मोठी होते. ती यादी ह्यांच्या मेमरीत मावली पाहिजे. नाहीतर ह्यांचं कागदांचं कपाट उघडणारच नाही. आधी मेमरी मोजून घेऊ." मी म्हटलं, हो हो. आणि शुक्रवारी काका लवकर गेले तेव्हा मी एकट्यानेच डिस्क बसवली आणि जुन्या कपाटाला जोडून टाकली. कॉलेजात शिकलो होतो, अवघड काय त्यात? हे जोडणं एकदा केलं की परत सुटं करता येत नाही. सुटं करायचं तर सगळं पुसायचं. तेही शिकलो होतो, पण त्या वेळी आठवलं नाही.

शनिवारी सकाळी सर्व्हर उठला आणि पडद्यावर ओळ आली: मेमरी अपुरी, कपाट उघडत नाही. वीस माणसांचे कागद त्या कपाटात. बॅकअपची टेप होती, पण महिनाभर जुनी. शनिवार अर्धा दिवस, म्हणून ऑफिस तसंच उठलं. शेठ काचेच्या दारात उभे राहिले.

"क्या रे बीएस्सी? सोमवारी आठ वाजता गाड्या लागतात. कागद नाही निघाले तर रांग पार हायवेपर्यंत जाईल. पार्टी माझा गळा धरेल."

"करतो, शेठ."

"तुझं पत्र टाइप होऊन ड्रॉवरमध्ये पडलंय. सोमवारी बघू त्याच्यावर सही करायची की नाही." मग काकांकडे न बघताच म्हणाले, "आणि सोमवारी हे खोकं चाललं नाही ना, तर भंगारात. खोकं पण, त्याच्याबरोबरचं सगळं पण."

त्याच्याबरोबरचं सगळं म्हणजे कोण, हे तिघांनाही कळलं.

शेठ गेले. मी खाली मान घालून बसलो. बापाला काय सांगू, हे डोक्यात फिरत होतं. होडीचा फोटो वर घ्यावा लागेल. काका मला बोलतील अशी वाट बघत होतो. त्यांनी खिशातून खोडरबर काढला आणि खोक्याला म्हणाले, "अहो, जरा उघडतो हं."

मी पळत जाऊन लाइन आळीतल्या दुरुस्तीवाल्याकडून जुनी मेमरीची पट्टी आणली. आधी चौसष्ट एमबी होती, आणखी चौसष्ट घातली. मशीन चालू केलं. सुरुवातीला ते आपलं आपण मेमरी मोजतं, आकडे भराभर पळतात. एक लाख एकतीस हजार केबीवर थांबले. म्हणजे दोन्ही पट्ट्या दिसल्या. मी टाळी वाजवली. मग सर्व्हरचा प्रोग्रॅम सुरू झाला आणि त्याला विचारलं, बाबा रे, तुझ्याकडे मेमरी किती? तो म्हणाला, पासष्ट हजार. निम्मीच. कपाट बंद.

पट्ट्या काढल्या, घासल्या, अदलाबदल केली. नवी पुढे, जुनी मागे. एकटी नवी घातली, चालली. एकटी जुनी घातली, चालली. दोन्ही घातल्या की मशीनला दोन दिसायच्या, प्रोग्रॅमला एक. चार वाजले. खोडरबराचा चुरा टेबलभर झाला.

"पट्टी खराब आहे, काका."

"नाही. खराब असत्या तर मशीननेच मोजल्या नसत्या." काका खुर्चीत मागे टेकले. "अहो बीएस्सी, ह्यांचा प्रोग्रॅम जुन्या काळचा आहे. त्या काळी कुणाकडे चौसष्टच्या वर मेमरी नसायचीच. म्हणून हे चौसष्टपर्यंत मोजतात आणि थांबतात. पुढे काही असेल असं ह्यांच्या मनातच येत नाही. पुढचं आपण सांगायचं असतं. हुकूम आहे एक. रजिस्टर मेमरी. म्हणजे नोंद करा. इथपासून पुढे एवढी आहे, ती तुमचीच आहे, धरा. ज्यांनी आम्हाला शिकवलं त्यांनी फळ्यावर लिहिला होता. हुकूम आठवतो. आकडे आठवत नाहीत."

"दोन आकडे ना? कुठून सुरू, आणि किती?"

"हो."

मी उठलो. हे तर सोपं होतं. चौसष्टपासून पुढे चौसष्ट. चौसष्टवर सहा शून्यं, परत चौसष्टवर सहा शून्यं. एंटर. मशीन जागच्या जागी थिजलं. पडदा तसाच, कुठलंही बटण घेईना. बंद करून परत चालू केलं, परत तेच. तिसऱ्या वेळी मी कीबोर्ड बाजूला सारला.

मावशी तोवर थांबली होती. दोन चहा घेऊन आली, आमच्याकडे बघून टेबलावर ठेवले आणि जिन्यात कुत्र्याशेजारी जाऊन बसली.

काका म्हणाले, "त्यांनी एक सांगितलं होतं. आकडा ह्यांच्या मोजणीत द्यायचा, आपल्या नाही. मला ती मोजणी कधी जमली नाही. तुम्ही शिकला असाल."

ह्यांच्या मोजणीत. मी चहाचा कप तसाच धरून उभा राहिलो, आणि मला आईची पाटी आठवली. आई बांगडे कोडीने मोजते. एक कोडी म्हणजे वीस. नव्या कॉलनीतल्या बायका येतात आणि विचारतात, डझन कसे दिले? त्यांची बाराची मोजणी, आईची विसाची, आणि मग भांडण. म्हावरं तेवढंच असतं, भांडण मोजणीचं. कॉलेजात मास्तर घसा कोरडा होईपर्यंत सांगायचे, मशीनची मोजणी सोळाची, ते पाठ करून मी पास झालो होतो. आणि गरज पडली तेव्हा दहाच्या मोजणीचा आकडा देऊन बसलो होतो.

"काका, ह्यांची कोडी सोळाची!"

"काय म्हणालात?"

मी कागद घेतला, चौसष्टला दोनदा एक हजार चोवीसने गुणलं आणि भागाकार मांडला. सोळाने भागत गेलो. दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा जमलं. एवढा मोठा आकडा, सोळाच्या मोजणीत किती साधा निघाला! चारावर सहा शून्यं. चारापासून पुढे चार.

मी आकडे वाचले, काकांनी हुकूम टाइप केला. एक-एक शून्य मोठ्याने मोजत. एंटर. मग विचारलं, मेमरी किती? एक लाख एकतीस हजार.

"उघडा," काका म्हणाले. मला नाही, त्याला. "अहो, उघडा आता."

दहा-बारा मिनिटं लागली. पडद्यावर एक-एक ओळ सरकत होती, आम्ही दोघं उभ्यानेच वाचत होतो. आणि कपाट उघडलं. सगळे कागद जागच्या जागी.

काकांनी मला मिठी वगैरे मारली नाही. खोडरबराचा चुरा हाताने गोळा करून टोपलीत टाकला. मग म्हणाले, "आता हा हुकूम सुरुवातीच्या फाइलीत घातला पाहिजे, कपाट उघडायच्या आधी वाचेल असा. नाहीतर उद्या बंद केलं की ह्यांना परत आठवणार नाही. सरका जरा." आणि ती फाइल उघडून नेहमीसारखा पडद्यावर हात धरला. मी तोंड फिरवलं. पण मनात म्हणालो, आत्ताही?

तेवढ्यात शेठचा फोन आला. मी घेतला. "झालं?"

"झालं, शेठ."

"वा! कोणी केलं?"

काका माझ्यापासून दोन हातांवर बसले होते. टाइप करत होते. मी म्हणालो, "मी केलं."

फोन ठेवला. मी म्हणालो, "काका, म्हणजे... मला म्हणायचं होतं..."

"बरोबर आहे की," ते म्हणाले. "आकडा तुमचाच."

सोमवारी पत्रावर सही झाली. ते पत्रही बापाने भिंतीवर लावलं.

दीड-दोन वर्षं गेली. शेठने धंदा मुंबईच्या एका मोठ्या कंपनीच्या हाती दिला. नवा सर्व्हर येणार, सगळ्यांना नवी पत्रं मिळणार, असं ठरलं. तिकडच्या ऑफिसातून एका बाईंचा फोन आला. "तुमच्या विभागात माणसं किती? फॉर्म पाठवलाय, नावं भरून द्या."

फॉर्म माझ्यापुढे होता. काका मागे कीबोर्ड पुसत उभे होते. मी पेन धरून किती वेळ बसलो कुणास ठाऊक. काकांचं नाव लिहिलं तर विचारतील, नेमणुकीचं पत्र कुठाय? शिक्षण किती? वय किती? आणि दोन नावं बघून म्हणाले, दोन कशाला, एकच ठेवा, तर? हे सगळं मी तेव्हा मनाशी बोललो. आज लिहिताना त्यातलं शेवटचंच खरं वाटतं. माणसं किती, ह्या रकान्यात मी लिहिलं: एक. खाली माझं नाव.

मागून आवाज आला, "बरोबर लिहिलंस."

मी दचकलो. काय लिहिलं ते त्यांनी पाहिलं म्हणून नाही. लिहिलंस, म्हणून. सगळ्या जगाला अहो म्हणणाऱ्या माणसाने मला आयुष्यात एकदाच तू म्हटलं, ते तेव्हा. रागाने म्हटलं की घरच्या पोराला म्हणतात तसं म्हटलं, हे मी वळून त्यांच्या तोंडाकडे बघितलं असतं तर कळलं असतं. मी वळलो नाही.

त्या संध्याकाळी नेहमीसारखं खोक्यावर हात ठेवून म्हणाले, "अहो, निघतो मी." दुसऱ्या दिवशी आले नाहीत. खोक्याच्या डोक्यावर खोडरबर ठेवलेला होता.

मावशीने दोन चहा आणले. मी म्हटलं, "मावशी, आता एकच आणत जा."

"का? तुमी दोगं हाव ना?"

आठवडाभर ती दोन आणत राहिली. एक निवून जायचा.

महिनाभराने मी खांदा कॉलनीत गेलो. पत्ता व्हाउचरवर होता. बिल्डिंगच्या टपालपेटीवर भलतंच नाव. वॉचमनला काकांचं नाव सांगितलं. "असा कोन नाय राहत इकडं. त्या घरचा मालक परदेशात हाय."

"स्वेटर घालतात ते," मी म्हटलं.

"हां, स्वेटरवाले!" त्याचा चेहरा उजळला. "ते घर सांभाळायला होते. मालकानं घर विकलं, तर गेले. खूप चांगला मानूस. मना अहो बोलायचे."

"कुठे गेले?"

"ते काय बोलले नाय. मी पन नाय विचारलं."

नवा सर्व्हर आला. जुना सहा महिने कोपऱ्यात चालू ठेवला, जुने कागद लागले तर म्हणून. मग एक दिवस भंगारवाला यायचा होता, तेव्हा बंद करायला मी त्या खोलीत गेलो. एसी केव्हाच काढून नेला होता. खुर्चीत बसलो आणि म्हटलं, आता तरी बघू या म्हाताऱ्याने काय लपवून ठेवलंय ते. ती फाइल उघडली.

हुकूम होते मोजून दहा-बारा. बाकी शेकडो ओळी, आणि प्रत्येकीच्या आधी तीन अक्षरं: रेम. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ओळीच्या आधी रेम लिहिलं की मशीन ती ओळ सोडून पुढे जातं. ती ओळ मशीनसाठी नसते. पुढेमागे कुणी माणूस फाइल उघडेल, त्याच्यासाठी टीप असते. काकांनी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं. फोनला तेव्हा कॅमेरा नव्हता, म्हणून जेवढ्या जमल्या तेवढ्या ओळी मी पाठकोऱ्या कागदावर उतरवून घेतल्या. तो कागद अजून आहे.

रेम आज एसी बंद. ह्यांना ताप.

रेम आज कुणाशी बोलणं झालं नाही. मावशी सोडून.

रेम रविवारी घरी बसवत नाही. उद्या सोमवार, बरं झालं.

रेम नवीन मुलगा आला. बीएस्सी आहे. दोनदा सांगितलं. चांगला आहे.

रेम आज जवळा. वास तीव्र. बीएस्सीच्या आईने केला. कुणीतरी कुणासाठी केलेलं आहे, हे वासावरून कळतं.

रजिस्टर मेमरीच्या हुकमाच्या वर ही ओळ होती. रेम खालची ओळ काढू नये. आकडा बीएस्सीने मांडला. मला येत नव्हता.

म्हणजे त्या शनिवारी, मी फोनवर मी केलं म्हणत होतो, त्याच वेळी दोन हातांवर बसून ते हे टाइप करत होते.

सगळ्यात शेवटी एक ओळ. तारीख मी फॉर्म भरला त्या दिवसाची.

रेम ह्यांना बघायला आता माणूस आहे. एक.

खाली भंगारवाल्याचा टेम्पो लागला होता, हॉर्न वाजवत होता. मी त्या ओळीच्या खाली गेलो आणि टाइप केलं: रेम माणसं दोन होती. मशीनने विचारलं, ठेवायचं का? मी हो म्हटलं. अर्ध्या तासात ती डिस्क कुठल्या तरी गोणीत जाणार आहे हे मला माहीत होतं. तरी हो म्हटलं. मग सर्व्हर बंद करायचा हुकूम दिला, आणि पडदा काळा झाल्यावर खोक्याच्या डोक्यावर हात ठेवला. अजून कोमट होतं.

"अहो," मी म्हणालो, "निघतो मी."

दारात मावशी झाडू घेऊन उभी होती. "कोनाशी बोलतंस रं?"

"कोनाशी नाय," मी म्हटलं.